शिखरांच्या पुड्या

"अहो, मांडीत घ्या आणि वरून शाल ओढा. कुणाला कळणार नाही."

"विद्या, मी जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलं."

"शिकवलंत ना? मग आज सुट्टी घ्या."

मंगल कार्यालयात वधूपक्षाला देतात त्या खोलीत आम्ही दोघं उभे होतो. हे नव्या धोतरात, कपाळावर गंध, चेहऱ्यावर आपण आता अमर होणार असा भाव. आणि मी हातातल्या पिशवीत लोखंडी खलबत्ता घेऊन, खांदा निखळायची वेळ आलेली. बाहेर माइकवर "हॅलो, हॅलो" चाललं होतं. थोड्या वेळात ह्यांच्या एकसष्टीची ग्रंथतुला व्हायची होती. म्हणजे एका पारड्यात हे बसणार, दुसऱ्यात पुस्तकं रचणार, आणि काटा समतोल झाला की ती पुस्तकं आसपासच्या गावांतल्या वाचनालयांना वाटणार. माझा सगळा डाव त्या पारड्यावर होता आणि ऐन वेळी ह्यांचा हरिश्चंद्र झाला होता.

आता ग्रंथतुला इतरांचीही होते. थोरामोठ्यांची होते, आणि होते ती दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांनी. ह्यांची होणार होती ती ह्यांनीच लिहिलेल्या, ह्यांनीच छापलेल्या आणि कुणीच विकत न घेतलेल्या पुस्तकानं. असा मान आमच्या तालुक्यात आधी कुणाला मिळाला नव्हता, नंतरही मिळालेला नाही.

पुस्तकाचं नाव 'मी आणि माझी शिखरे'. आमच्या तालुक्यात धड टेकाड नाही. बार्शीकडून एसटी निघाली की माळामागून माळ लागतात. पण विश्वंभर पेडगावकर, निवृत्त मुख्याध्यापक, ह्यांना शिखरं दिसली. पुस्तकाचे दोन भाग. पहिला 'गाठलेली शिखरे' : हे मुख्याध्यापक कसे झाले, शाळेवर पत्र्याऐवजी सिमेंटचं छत कसं आणलं, इन्स्पेक्टरसाहेबांनी पाठ कशी थोपटली. दुसरा 'हुकलेली शिखरे' : बॅरिस्टर व्हायचं राहिलं, विधान परिषदेवर जायचं राहिलं, हिमालय राहिला, पोहायला शिकायचं राहिलं. हा भाग चांगलाच जाड झाला होता. आणि सगळ्यात शेवटचं हुकलेलं शिखर, 'माझे हे विचार घराघरांत पोचावेत, ही एकच आस'.

मध्ये कुठंतरी एका पानावर मथळा होता, 'सहधर्मचारिणी'. मथळ्याखाली एक ओळ : 'सौ. विद्याने घराकडे पाहिले.' संपलं. बाकी पान खालपर्यंत कोरं, मागंही कोरं, कारण पुढचं शिखर नव्या पानावर सुरू करायचं होतं. पाहिले म्हणजे काय? मी काय लग्नापासून घराकडे टक लावून बसले होते?

शिवाय विद्या हे नाव तरी कुठं माझं? मी माहेरची द्वारका. लग्नात तबकात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यात 'विद्या' लिहिलं, सासूबाईंनी पेढे वाटले आणि द्वारका संपली. मास्तरांची बायको म्हणून विद्या. नाव विद्या आणि काम भांडी! द्वारके म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, माझा बार्शीचा दादा.

दादाची मसाला कांडपाची गिरणी होती. तिथला जुना डंक, म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र, त्यानं माझ्यासाठी राखून ठेवला होता. आमच्या आईचा काळा मसाला आणि आमटीला लावायचा भाजक्या डाळींचा येसर सगळ्या आळीत नावाजलेला. लग्नकार्य निघालं की लोक आईकडे येसर सांगायला यायचे. हात तिचाच माझ्याकडे आला होता. रस्त्याला लागून आमची एक खोली होती, त्या खोलीत डंक बसवायचा, एवढंच माझं शिखर. एकच. मी ते पुस्तकात लिहिलं नाही, तोंडानं सांगितलं होतं. अनेकदा.

"मुख्याध्यापकाच्या घरात मिरचीकांडप?" हे म्हणायचे. "येणारेजाणारे शिंकतील."

"येतंय कोण तुमच्याकडे?"

ह्यावर हे पेपर उघडून बसायचे. निवृत्तीचा फंड आला तेव्हा मला वाटलं, आता तरी. फंड छापखान्यात गेला आणि त्याच खोलीत, थेट दारापासून, पुस्तकांचे गठ्ठे लागले. हलवू म्हटलं तर हलवू द्यायचे नाहीत. मागणी आली की चटकन काढता यावेत म्हणून दाराशी ठेवलेले! मागणी आली ती वाळवीची.

मग त्या वर्षी दादानं निरोप धाडला. "द्वारके, दसऱ्यापर्यंत थांबतो. त्यानंतर डंक गिऱ्हाइकाला देऊन टाकतो. मलाही जागा पाहिजे."

त्याच सुमारास ह्यांचा जुना विद्यार्थी भारत ढगे घरी आला. हा भारत गावातल्या प्रत्येक सत्काराचा अध्यक्ष. कुणी नवा पंखा आणला तरी त्याला शाल-श्रीफळ देईल असा माणूस. सरांची एकसष्टी थाटात करायची म्हणाला. मी चहा देता देता म्हटलं, "ग्रंथतुला करा की. सरांच्याच ग्रंथानं."

भारतचे डोळे चमकले आणि ह्यांचे पाणावले. बायकोला अखेर आपली किंमत कळली असं त्यांना वाटलं. मला किंमत नाही, वजन कळत होतं. डंकाला जागा फार लागणार नव्हती. ह्यांच्या वजनाएवढी पुस्तकं गेली तर दाराजवळचा कोपरा मोकळा होणार होता. पण हे पडले काडीपहिलवान. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी खायला घालायला लागले. डिंकाचे लाडू, उडदाचं घुटं, भातावर तुपाची धार.

"आजकाल फार प्रेमानं वाढतेस," हे म्हणाले.

"एकसष्टी एकदाच येते. घ्या अजून."

बोकड वाढवतात तसं वाढवत होते, आणि हे खुशीत होते. पण फोटो उमदा यावा म्हणून ह्यांनी पहाटे फिरायला जायला सुरुवात केली. मी घातलेलं तूप वेशीपर्यंत चालून जिरवून यायचे. वर भारतनं सांगितलं की तुलेला बसणाऱ्यानं आदल्या दिवशी उपास करावा, तर तोही केला. उपासाच्या दुसऱ्या सकाळी ह्यांची हाडं पूर्वीपेक्षा जास्त दिसत होती. म्हणून मी आईचा खलबत्ता पिशवीत घातला.

आणि आता हे खरं बोलायला निघाले होते.

"नको म्हणजे नको," ह्यांनी शाल खांद्यावर सारखी केली. "माझं जे वजन आहे ते आहे."

"बरं. मग लोक बघतीलच."

काटा कासीमभाईंच्या लाकडाच्या वखारीतला होता. स्टेजवर दोन बल्ल्या रोवून त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांनी भाषण केलं. श्रीकृष्णाची तुला, सत्यभामेचे दागिने, रुक्मिणीचं तुळशीचं पान, सगळं सांगून झालं. मी पहिल्या रांगेत पायाशी पिशवी धरून ऐकत होते. माझं तुळशीचं पान चांगलंच जड होतं.

हे पारड्यात मांडी घालून बसले. भारतनं पहिला गठ्ठा उचलून दुसऱ्या पारड्यात ठेवला. सनई लागली. दुसरा, तिसरा ठेवला. हे हलले. अजून थोडे ठेवले आणि हे जमिनीवरून उठून लोंबायला लागले. ढीग म्हणाल तर गुडघ्याएवढासुद्धा नाही.

"एवढंच?" मागून कुणीतरी म्हणालं.

"सर, धरून बसा, उडाल!" दुसरा.

पोरं फिदीफिदी हसली. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला पाठ होती. पाहुण्यांच्या पंक्तीत आमटीत मीठ नसलं की अशीच बघायचे. बोलायचं नाही, पण तू काहीतरी कर.

मी उठले. "गारठा लागतोय त्यांना," असं भर ऑक्टोबरच्या उन्हात म्हणून स्टेजवर गेले, दुसरी शाल उलगडली आणि शालीआडून खलबत्ता मांडीत दिला. सत्यवचनी माणसानं दोन्ही हातांनी घेतला.

पारडं धप्पकन खाली आलं. "वाढलं, वाढलं!" भारत माइकवर ओरडला. "सरांचं तपाचं वजन आहे, मंडळी! आणा अजून पुस्तकं!" टाळ्या पडल्या. गठ्ठ्यावर गठ्ठा चढायला लागला. मला ढीग दिसतच नव्हता, आमच्या दाराजवळचा मोकळा कोपरा दिसत होता, तिथं उभा असलेला डंक दिसत होता. काटा समतोल झाला. सनईवाल्यानं जीव तोडून फुंकलं. माझं काम झालं होतं.

इथंच थांबायचं की नाही? पण भारत म्हणाला, "सर, आता उभं राहून जनतेला नमस्कार करा!"

आणि हे गहिवरले. गहिवरलेल्या माणसाला मांडीत काय आहे ह्याचं भान राहत नाही. उठले, दोन्ही हात जोडले. खल स्टेजच्या फळ्यांवर असा आदळला की सनई बंद पडली. बत्ता निराळा होऊन घरंगळत गेला तो थेट पाहुण्यांच्या बुटाशी. तिकडे पुस्तकांचं पारडं दाणकन खाली आलं आणि हे झेंडूच्या माळेला धरून उभे राहिले. नमस्काराचा एक हात तसाच होता.

मग बायकांच्या बाजूनं आमच्या मागच्या आळीतली शेवंताबाई म्हणाली, "आगं बया! सरांनी खलबत्ता घातला!"

हशा उसळला. खुर्च्या हलल्या. पाहुणे तोंडाला रुमाल लावून हसत होते. मी परत स्टेजवर गेले, खल उचलला, पाहुण्यांच्या पायाशी वाकून बत्ता उचलला, दोन्ही पिशवीत घातले आणि खाली येऊन बसले. वस्तू माझ्या आईची होती, टाकून कशी येऊ? ह्यांच्या तोंडाकडे मात्र मला बघवलं नाही. तिथं काही उरलंच नव्हतं.

भारत निर्लज्ज, त्यामुळे कार्यक्रम पुढं चालू राहिला. वाचनालयांचे प्रतिनिधी एकेक करून आले, शाल घेतली, नारळ घेतला, पुस्तकांचा गठ्ठा घेतला, फोटो काढला. मग जिलेबी-मठ्ठ्याच्या पंगती उठल्या. मला वाटलं, हसू झालं तर झालं, पुस्तकं तर गेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी कासीमभाईंची हातगाडी उभी. त्यावर गठ्ठेच गठ्ठे.

"भाभी, कार्यालयातल्या खुर्च्या उचलल्या तर खाली ही सगळी," कासीमभाई म्हणाले. "लोक शाल-नारळ घेऊन गेले, बुकं राहिली. सरांचा माल, म्हटलं, पोचवावा."

"एकही गेलं नाही?"

"गेली ना थोडी. आचाऱ्यानं भट्टी पेटवायला घेतली." मग कासीमभाईंनी जीभ चावली, कारण हे माझ्या मागं येऊन उभे होते.

ह्यांनी गाडीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मला वाटलं माझ्यावर ओरडतील, निदान भारतच्या नावानं शंख करतील. तसं काही केलं नाही. "विद्या, तुला ह्यांचं काय करायचं ते कर," एवढं म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसरी एखादी असती तर पदरानं डोळे पुसत मागं गेली असती. मी कासीमभाईंनाच सांगितलं, "गाडी रिकामी करा, आणि बार्शीला जाणारं कुणी असेल तर दादाला निरोप द्या." नवऱ्यानं लग्नापासून पहिल्यांदा मला काय करायचं ते कर म्हटलं होतं. त्याचं मन बदलायच्या आत करून टाकणं बरं.

गठ्ठे दोन भिंतींना थेट आढ्यापर्यंत रचले. दसऱ्याच्या आधी डंक आला, मधल्या जागेत बसला. त्याच्या धडधडीनं घरातली भांडी वाजायची आणि येणारेजाणारे खरोखर शिंकायचे. बायका मिरच्या घेऊन यायला लागल्या, जाताना येसर, मेतकूट, काळा मसाला मागायला लागल्या. द्यायचा कशात? मी भिंतीवरचं पुस्तक काढलं, पान फाडलं, पुडी बांधली.

हे आतल्या दारातून बघत होते. अंगात बंडी, हनुवटीवर पांढरे खुंट.

"निदान 'गाठलेली' तरी फाडू नकोस," म्हणाले.

"मागणी आली तर ठेवते बाजूला."

पुढं बरेच दिवस ह्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. जेवायला बोलावलं की यायचे, अर्धी भाकरी खायचे, परत भिंतीकडे तोंड. मला राग यायचा. शिखरांवर चढणारा माणूस एका खलबत्त्याला अडखळून पडतो म्हणजे काय?

मग एका बाजाराच्या दिवशी शेवंताबाई आली. मिरच्या नाहीत, पिशवी नाही, रिकाम्या हातानं.

"बाई, सर हायेत का?"

"काय काम आहे?"

"त्येंच्या नदीचं फुडं काय झालं, त्ये विचारायचं हाय."

"कसली नदी?"

"आवो, तुमच्या येसराच्या पुडीवर न्हाई का! सर ल्हान असताना परीक्षेला निघालं, नदीला पूर, सर पाण्यात शिरलं, मधी पाय सुटला अन् धारंला लागलं. अन् तितंच पान संपलं. नातीनं वाचून दावलं. समदी आळी ऐकत हुती. सर जगलं का न्हाई, काई कळंना."

"तुझ्यासमोर रोज फिरत होते की रस्त्यानं," मी म्हटलं.

"त्ये खरं. पर कसं जगलं?"

आतून खाट करकरली. हे दारात आले. "एका म्हशीचं शेपूट हाताला लागलं," म्हणाले. आवाज बसलेला. मग घसा साफ केला. "म्हणजे तो प्रसंग पुढच्या पानावर सविस्तर आहे."

"मग द्या की ते पान!"

ह्यांनी भिंतीवरचं पुस्तक काढलं. पानं चाळली. बोटं नेमकी तिथं थांबली. पान फाडताना मात्र चेहरा असा केला की दात काढतायत. आणि शेवंताबाईच्या हातात देणार, तेवढ्यात मी म्हटलं, "नुसतं पान मिळत नाही. येसराबरोबर मिळतं."

शेवंताबाई हसली आणि पावशेर येसर घेऊन गेली.

त्या दिवसापासून हे पुड्या बांधायला बसले. मी बोलावलं नव्हतं. दाढी करून, सदरा घालून, शाळेच्या वेळेवर हजर. आणि बांधण्यात केवढा विचार! हवालदाराच्या बायकोला 'प्रामाणिकपणा' हे प्रकरण. ज्याचा पोरगा नापास झाला त्याला बॅरिस्टर होणं राहिलं ते. सुनेशी भांडणाऱ्या सासवांना मेतकुटावर संयम. भारत ढगे एकदा मसाला न्यायला आला तर त्याला 'प्रसिद्धीचा हव्यास' बांधून दिलं. त्यानं पुडी खिशात घातली, वाचली नसणारच. पण बाकीचे वाचायचे. जिऱ्या-मोहरीच्या वासाचं, तिखटानं लाल झालेलं, पण वाचायचे, आणि पुढचं मागायला यायचे. हुकलेल्यांतलं ते शेवटचं शिखर, घराघरांत पोचायचं, ते असं हळदीच्या बोटांनी गाठलं. हिमालय काय, विधान परिषद काय, ती राहिली ती राहिलीच. त्यांना माझ्या डंकाचा उपाय नव्हता.

ह्यांना मात्र मी तसं बोलून दाखवलं नाही. आधीच माणूस फुगायला लागला होता.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कुठलंही नवं पुस्तक काढलं की हे त्यातलं एक पान आधी काढून पाटाखाली सरकवायचे. त्या पानांचा निराळा गठ्ठा झाला. एक दिवस मी तो ओढला. 'सहधर्मचारिणी'. 'सौ. विद्याने घराकडे पाहिले.'

"ही का वापरत नाही?" मी विचारलं. "ह्यावर काय सोनं लावलंय?"

हे सुतळी गुंडाळत होते, गुंडाळतच राहिले. "ती गिऱ्हाइकाला कशी द्यायची? त्यात काही नाहीच."

"आत्ता कळलं?"

"आत्ता कळलं," म्हणाले.

असं सरळ उत्तर मिळायची मला सवय नव्हती. त्यामुळे पुढचं खोचक बोलणं जिभेवर आलेलं गिळावं लागलं. मी म्हटलं, "कोरी जागा पुष्कळ आहे. त्यावर मसाल्याचं नाव तरी लिहा. बायका मेतकूट समजून येसर नेतात."

त्या दुपारी हे टाक आणि दोन दौती घेऊन बसले. मी डंकावर होते, बघायला उसंत नव्हती. संध्याकाळी डंक बंद करून आले तर पानं दोरीवर वाळत घातलेली. प्रत्येक पानावरच्या त्या छापील ओळीवर लाल शाईची तिरकी रेघ होती. चुकलेल्या उत्तरावर मारायचे तश्शी. आणि खाली कोऱ्या जागेत, मुख्याध्यापकांच्या वळणदार अक्षरात, कुठं 'द्वारकाबाईंचं मेतकूट', कुठं 'द्वारकाबाईंचा येसर', कुठं 'द्वारकाबाईंचा काळा मसाला'.

त्या नावानं ह्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. मला तर वाटायचं, ते त्यांना आठवतसुद्धा नसेल. मला रडू आलं. खोलीभर मिरचीचा धुरळा होता म्हणून बरं, कुणाला काही सांगावं लागलं नाही.

हे माझ्याकडे बघत उभे होते. बोटाला लाल शाई, काय ऐकावं लागतंय ह्याची धास्ती तोंडावर.

मी पदरानं नाक पुसलं, एक पान दोरीवरून उतरवलं आणि हात लांब करून बघितलं.

"अक्षर बारीक झालंय," मी म्हटलं. "रस्त्यावरून दिसलं पाहिजे. परत काढा."

आणि हे मुकाट्यानं परत काढायला बसले.